विचारलं तेवढंच

नांदे गावात खोली बघायला गेलो त्या दिवशी घरमालकीण आक्कांनी आम्हाला एकच प्रश्न विचारला होता. "कुटं असता कामाला?"

खोली हातची जायला नको म्हणून माझ्या नवऱ्याने सगळंच सांगून टाकलं. हिंजवडीतली कंपनी कोणती, आम्ही दोघं एकाच कंपनीत कसे, मूळ गाव बार्शी, त्याचे वडील एसटीत होते, मुलगी सई चार वर्षांची, तिचा वाढदिवस कधी असतो, सकाळी साडेआठला आम्ही बाहेर पडतो ते संध्याकाळी सातलाच परत येतो. आक्का ओट्यावर बसून लसूण सोलत होत्या. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"मी इचारलं किती आन् तुमी सांगितलं किती," त्या म्हणाल्या. "आता मी चोर असते, तर मला अजून काय लागलं असतं?"

नवरा हसला. आक्का हसल्या नाहीत. "खोली देते," त्या म्हणाल्या, "पन ही सवय मोडा."

त्या घरात आम्ही चार वर्षं राहिलो. खाली आक्का आणि त्यांचे मालक, म्हणजे यजमान, वर तीन मजल्यांवर बारा बिऱ्हाडं, मागे त्यांचं भाताचं खाचर आणि खाचराच्या पलीकडे नव्या इमारतींचे टॉवर. मालक दिवसभर शेतात असत आणि फारसं बोलत नसत. घराचा कारभार आक्कांचा. उंच, सडसडीत, डोक्यावरचा पदर कधी न ढळणारा, जाड काड्यांचा चष्मा, आणि गळ्यात कापडी पिशवीत बटणांचा छोटा फोन. तो वाजला की आक्का कानाला लावायच्या आणि गप्प बसायच्या. हॅलो नाही, काही नाही. पलीकडचा माणूस ओरडून ओरडून दमायचा. "ज्यानं फोन केला त्यानं आधी सांगावं आपुन कोन ते," असं त्यांचं म्हणणं.

राहायला आलो त्याच आठवड्यात पोलिसांच्या फॉर्मसाठी आधारच्या झेरॉक्स द्यायच्या होत्या. मी दोघांच्या दोन-दोन प्रती, पॅन कार्ड, लग्नाचा दाखला, असं सगळं एका फाईलमध्ये घालून नेलं. आक्कांनी त्यातल्या दोनच झेरॉक्स काढून घेतल्या आणि फाईल माझ्या हातात परत दिली. मग चष्मा सारखा करून प्रत्येक झेरॉक्सवर दोन तिरक्या रेघा ओढल्या आणि पेन माझ्यापुढे केलं.

"मदी लिव. फक्त पोलिसांच्या फॉर्मसाठी. तारीख टाक. खाली सही कर."

"हे कशाला, आक्का?"

"कागद एकदा हातातनं सुटला की त्याला पाय फुटत्यात. कुटं चाललाय ते त्याच्या अंगावरच लिवलेलं बरं."

सातवी शिकलेली बाई. आमच्या कंपनीत दर वर्षी माहितीच्या सुरक्षिततेवर तासाभराचं प्रशिक्षण असतं, शेवटी परीक्षा असते, मी त्यात दर वेळी पैकीच्या पैकी गुण मिळवते. पण असा कागद मी त्याआधी कधी कुणाला दिला नव्हता.

एकदा मी त्यांच्याजवळ बसून मेथी निवडत होते. फोन वाजला, आक्कांनी कानाला लावला, गप्प राहिल्या. पलीकडून एक मुलगी म्हणाली, "विमलताई बोलताय का? आमचं गुडघेदुखीवरचं तेल आहे..." आक्कांचा चेहरा एकदम उजळला. "बोला की, बाई," म्हणाल्या. सगळं शांतपणे ऐकलं, फोन ठेवला आणि पदर खोचून उठल्या.

"गाडी काढ. पौडाला जायचंय."

"विमल कोण?"

"मीच. चष्म्याच्या दुकानातली."

स्कूटरवर मागे बसून त्यांनी मला सगळं समजावलं. दुकानात कुणी नाव आणि नंबर विचारला की आक्का नंबर देत, पण नाव प्रत्येक ठिकाणी वेगळं सांगत. चष्म्याच्या दुकानात विमल, साडीच्या दुकानात कमल, मिक्सर घेतला तिथे शालन, पेट्रोल पंपावर कूपन भरलं तेव्हा हिराबाई. फोन ज्या नावाने येईल त्यावरून कळायचं की नंबर कुठून फुटला.

"पण एवढी नावं लक्षात कशी राहतात?"

"मला सा नणंदा हायेत. एकेक दुकान एकेकीला वाटून दिलंय." थोड्या वेळाने मागून आवाज आला, "तेवढाच उपयोग."

पौडातला तो दुकानदार तरुण, अदबीने बोलणारा होता. "या विमलताई," तो म्हणाला.

"व्हय, विमल मीच," आक्का खुर्चीवर बसत म्हणाल्या. "पन मला या नावानं हाक मारनारा जगात तू एकटाच हायेस. मग त्या तेलवालीला कुनी सांगितलं?"

आधी तो नाही म्हणाला. मग कानापर्यंत लाल झाला. एक जण आला होता, तुमच्या ग्राहकांना कूपनं देतो म्हणाला, आणि वहीच्या पानांचे फोटो काढून घेऊन गेला होता. त्यात काही वाईट आहे हे या मुलाच्या ध्यानातच आलं नव्हतं.

आक्का त्याच्यावर ओरडल्या नाहीत. "माझं काय जात न्हाई," त्या म्हणाल्या. "माझं नाव खोटं हाय. पन त्या वहीत माझ्यासारख्या किती बाया असतील. त्यांची नावं खरी हायेत."

त्याने आम्हाला चहा पाजला आणि ती वही आमच्यादेखत कपाटात ठेवून कुलूप लावलं. पुढे चष्मा बदलायची वेळ आली तेव्हा आक्का पुन्हा त्याच्याकडेच गेल्या. मी आश्चर्य व्यक्त केलं तर म्हणाल्या, "आता तो पक्का झालाय. नवीन कच्चा कुटं शोधत बसू?"

समोरच्या टॉवरच्या फाटकावर झालेला प्रसंग तर साऱ्या गल्लीत सांगितला जायचा. आक्का तिथे कुणाला तरी दूध द्यायला गेल्या होत्या. बिहारकडचा नवा वॉचमन, त्याने नियमाप्रमाणे नाव, नंबर मागितला आणि फोटो काढायला मोबाइल वर केला. आक्कांनी पदर तोंडावर ओढला आणि त्यांच्या हिंदीत म्हणाल्या, "ये रस्ता मेरे खाचर में से गया हय. पहले तू तेरा फोटू दे." त्या बिचाऱ्याने खरंच खिशातून स्वतःचा पासपोर्ट साइज फोटो काढून दिला. आक्कांनी तो बघितला, परत दिला, आणि त्याच्या गावाची, आईची चौकशी केली. तेव्हापासून त्यांचा फोटो कुणी मागितला नाही. त्याच्यासाठी मात्र दिवाळीला फराळाचा डबा जाऊ लागला.

आणि खोके. आम्हा बारा बिऱ्हाडांकडे रोज कुणा ना कुणाचं पार्सल यायचं. रिकामे खोके आम्ही जिन्याखाली टाकून द्यायचो. दुपारी आक्का तिथे पाण्याची वाटी घेऊन बसायच्या, खोक्यावरची नाव-पत्त्याची चिठ्ठी ओल्या अंगठ्याने चोळून चोळून उचकटायच्या आणि चुलीत टाकायच्या. एकदा मला बघून म्हणाल्या, "तुझ्या नवऱ्याचे क्येस गळत्यात, व्हय?" मी चाटच पडले. त्यांनी खोका माझ्यापुढे धरला. वर त्याचं पूर्ण नाव, फोन नंबर, खोलीचा नंबर, आणि खाली तेलाचं नाव. "मला कळलं ते भंगारवाल्यालाबी कळंल," त्या म्हणाल्या. तेव्हापासून चिठ्ठ्या आम्ही स्वतः काढू लागलो.

हे सगळं त्यांच्यात कुठून आलं ते मला त्यांच्या लेकीने सांगितलं, दिवाळीला सासवडहून माहेरी आली होती तेव्हा. तिचं लग्न ठरवायचं होतं त्या वर्षी आक्कांनी तिचा बायोडाटा एका ओळखीच्या बाईला दिला होता, फक्त एकीला. फोटो, जन्मवेळ, उंची, शिक्षण, मुलीचा नंबर, सगळं त्यावर. त्या बाईने तो एका ग्रुपवर टाकला. तिथून तो दुसऱ्या, तिसऱ्या ग्रुपवर गेला. लग्न झालं, लेक सासरी रमली, आणि एके दुपारी तिच्या फोनवर आलेला फोन सासूबाईंनी उचलला. पलीकडचे गृहस्थ म्हणाले, "मुलीचं अजून जमलं नसेल तर आमचा मुलगा आहे." असे तीन फोन आले. सासूबाईंना वाटलं, हिच्या माहेरचे अजून स्थळं बघतायत. घरात अबोला धरला गेला. लेक फोनवर आईजवळ रडली.

आक्का दुसऱ्याच दिवशी सासवडला गेल्या, विहीणबाईंसमोर बसल्या आणि जे घडलं ते सरळ सांगितलं. चूक आपली, पोरीची नाही, असं म्हणाल्या. विहीणबाईंचा राग गेला. पण आक्कांचं तेवढ्याने भागलं नाही. संक्रांत जवळ आली होती. त्यांनी तिळगुळाचा डबा भरला आणि त्या पहिल्या बाईपासून सुरुवात केली. तू कुणाला पाठवलास? त्या घरी जायचं, तिळगूळ द्यायचा, तिथून पुढचं नाव घ्यायचं.

"प्रत्येक दारात एकच वाक्य," लेक हसत सांगत होती. "तिळगूळ घ्या आन् माझ्या पोरीचा फोटो पुसा. समोर उभी राहून पुसून घ्यायची. रथसप्तमीपर्यंत फिरत होती. डबा तीनदा भरला तिनं."

हे सगळं ऐकूनही मी शहाणी झाले नाही, हे मला इथे कबूल केलं पाहिजे. सईचं काहीही नवीन झालं की मी ते फोटोसकट टाकत असे. स्टेटसवर तर रोज, आणि जरा खास असलं की सगळ्या जगाला दिसेल असं. आक्का जिन्यात गाठायच्या. "आज सईनं इडली खाल्ली म्हनं."

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"वरच्या पोरींनी. तू गावाला सांगतीस, मग गाव मला सांगतंय."

मला राग यायचा. वाटायचं, आपला आनंद आहे, चार लोकांनी पाहिला तर काय बिघडतं. यांना एका बायोडाट्याचा चटका बसला म्हणून सगळ्यांनी पदर तोंडावर ओढायचा का.

सई पहिलीत गेली त्या पावसाळ्यात माझी आई राहायला आली होती. ऑगस्टमधला शनिवार होता. आम्हाला सुट्टी, सईची शाळा मात्र अर्धा दिवस. आईच म्हणाली, तुम्ही दोघं जाऊन या कुठेतरी, बाराला मी तिला आणते. आम्ही ताम्हिणीला निघालो. घाट लागायच्या आधी मी धबधब्यांचा जुना फोटो टाकून लिहिलं, "आज ताम्हिणी. संध्याकाळपर्यंत नो रेंज." पुढच्या वळणावर रेंज गेलीच.

पुढचं मी आईकडून ऐकलं, मग आक्कांकडून, आणि नंतर आईकडून आणखी बऱ्याच वेळा.

दहाच्या सुमाराला आईचा फोन वाजला. एक माणूस घाईघाईने म्हणाला, मी सईच्या शाळेतून बोलतोय, सई जिन्यावरून पडली, डोक्याला लागलंय, दवाखान्यात नेतोय, तिच्या वडिलांचा फोन लागत नाही, दाखल करायला ताबडतोब पैसे भरावे लागतील, या नंबरवर पाठवा. तिने मला लावला, नवऱ्याला लावला, दोन्ही बंद. त्या माणसाचा पुन्हा फोन. आई तो तसाच कानाला लावून, चपला न घालता तीन मजले उतरली आणि आक्कांच्या दारात जाऊन रडायला लागली.

आक्कांनी फोन तिच्या हातातून घेतला. या वेळी त्या गप्प राहिल्या नाहीत. "मी सईची आजी," म्हणाल्या. "कोनती सई म्हनताय तुमी?"

त्याने सईचं पूर्ण नाव सांगितलं. वडिलांचं नाव, शाळा, इयत्ता, तुकडी. सगळं बरोबर. आई सांगते, ते ऐकून तिचा उरलासुरला धीरही गेला.

"अरं देवा," आक्का म्हणाल्या. "आन् तिचा भाऊ? तोबी तिच्या संगंच असतोय. त्याला न्हाई ना लागलं?"

तो क्षणभर थांबला. मग म्हणाला, "नाही नाही, त्याला जास्त नाही लागलं. घाबरलाय फक्त. बाहेर बसवलंय त्याला."

सईला भाऊ नाही.

"बरं झालं," आक्का म्हणाल्या. "त्याला संभाळा. आमी येतोच त्याला बघायला. अजून जन्मला न्हाई तो." आणि फोन बंद केला.

आई तरी रडतच होती. आक्कांनी तिला पाणी दिलं, स्वतःच्या चपला तिच्या पायात घातल्या. "खोटं हाय ते मला ठावं हाय, ताई," त्या म्हणाल्या, "पन तुमच्या पोटातला गोळा असा जायचा न्हाई. चला, डोळ्यानं बघून येऊ." भर पावसात एका छत्रीत दोघी शाळेत गेल्या, आक्का अनवाणी. वर्गाच्या खिडकीतून पाहिलं तर सई बाकावर उभी राहून मोठमोठ्याने कविता म्हणत होती, आणि मध्येच विसरली म्हणून स्वतःच हसत होती. आई म्हणते, तिथल्या तिथे मी आक्कांच्या गळ्यात पडले.

आम्ही संध्याकाळी परतलो. ताम्हिणी सोडून खाली आल्यावर फोन खणखणायला लागले होते, आईशी बोलणं झालं होतं, तरी फाटकातून आत शिरून सईला उचलून घेईपर्यंत माझ्या जिवात जीव नव्हता. मग प्रश्न उरला, त्या माणसाला हे सगळं कळलं कसं? मीच माझे जुने फोटो उघडून बसले. जूनमधला शाळेच्या पहिल्या दिवसाचा फोटो. दोन वेण्या, नवं दप्तर, गळ्यात ओळखपत्र. मी दोन बोटांनी तो मोठा केला. ओळखपत्रावरचं अक्षर न् अक्षर वाचता येत होतं. शाळा, नाव, वडिलांचं नाव, इयत्ता, तुकडी, आणि खाली दोन फोन नंबर. एक नवऱ्याचा. दुसरा, तो लागला नाही तर म्हणून दिलेला, आईचा. आणि आज आमचा फोन लागणार नाही हे मी सकाळीच जगाला कळवलं होतं.

मी खाली आक्कांकडे जाऊन बसले. त्यांनी चहा टाकला. मी म्हटलं, "आक्का, रागवा तरी."

"रागवून काय करू? तू कौतुकानं केलंस. आईला कौतुक असतंयच." बशी माझ्यापुढे सरकवत त्या म्हणाल्या, "फकस्त कौतुक घरात कर. घर काय ल्हान हाय व्हय?"

रविवारी आम्ही दोघांनी बसून एकेक फोटो काढून टाकला. नवऱ्याने पोलिसात तक्रार दिली. सोमवारी आक्का माझ्याबरोबर शाळेत आल्या आणि मुख्याध्यापिकाबाईंना म्हणाल्या, "पोरगं हरवलं तर शाळेत फोन येऊ द्या की. आयबापाचा नंबर पोराच्या गळ्यात कशाला?" बाईंनी ते मनावर घेतलं. पुढच्या वर्षीच्या ओळखपत्रावर फक्त मुलाचं नाव आणि शाळेचा नंबर होता.

सईचा सातवा वाढदिवस आक्कांच्या अंगणात झाला. अट त्यांची. आल्या-आल्या प्रत्येकाचा फोन भाकरीच्या टोपल्यात, टोपलं मालकांच्या ताब्यात. मालक ते मांडीवर घेऊन बसले, जसं काही त्यात कोंबडी उबवायला बसवली आहे. सुरुवातीची दहा मिनिटं बाराही बिऱ्हाडांना हात कुठे ठेवावेत कळेना. मग कुणी तरी पाट मांडले, कुणी फुगे फुगवले. दुसऱ्या मजल्यावरचा एक मुलगा होता, दोन वर्षांत त्याचा आवाज आम्ही ऐकला नव्हता. त्याने पातेलं उपडं घालून असा ठेका धरला की आक्का माझ्या आईला ओढत मधोमध गेल्या आणि दोघींनी फुगडी घातली. साठीच्या दोन बायका, पदर खोचलेले, गरगर फिरतायत, आणि आई लहान मुलीसारखी खिदळतेय. आईला असं हसताना मी कितीतरी वर्षांनी पाहत होते. निघताना फोन न्यायची आठवण आम्हाला मालकांनी करून दिली.

आता आम्ही शेजारच्या चांदे गावात राहतो, दहा मिनिटांवर. मागच्या महिन्यात आक्कांकडे गेले होते. लेकीला मुलगी झाली आहे, तिला बघता यावं म्हणून आक्कांनी मोठा फोन घेतलाय. त्याच्या कॅमेऱ्यावर लाल टिकली चिकटवलेली. लेकीचा फोन आला की टिकली काढून मनगटावर लावतात, बोलणं झालं की पुन्हा कॅमेऱ्यावर. त्यांनी मला नात दाखवली. आक्कांचंच कपाळ, आक्कांचीच ती रोखून बघायची नजर.

"नाव काय ठेवणार?" मी विचारलं.

"बारसं पुढल्या आठवड्यात हाय. तवर सांगायचं न्हाई."

"मलासुद्धा?"

आक्कांनी अंगणात नजर फिरवली. कुणी नव्हतं. मालक खाचरात होते. तरी त्यांनी पदर दोघींच्या डोक्यावरून ओढून घेतला, माझ्या कानाला तोंड लावलं आणि नाव सांगितलं. कानात गुदगुल्या झाल्या. दोघी हसलो.

"कसं हाय?"

"फार गोड आहे, आक्का."

"मग हितंच ऱ्हाऊ दे," त्या म्हणाल्या.

बारसं झालं, पेढे वाटले गेले, आता ते नाव सगळ्या नात्यागोत्यात माहीत आहे. तरी इथे ते लिहायचं म्हणजे आधी आक्कांना विचारायला हवं. उद्या जाणार आहे मी त्यांच्याकडे. पण त्या नाहीच म्हणतील.